डॉलमधले प्रश्न: बुधवारचा कल्ला आणि एका बाईंचा चिवटपणा

लिफीकाठचा

रात्री भांडी घासताना मी मोबाईल खिडकीत टेकवून आयर्लंडच्या संसदेचं कामकाज लावून ठेवतो. बायको म्हणते, "लागली वाटतं तुझी मालिका!" आहेच ती मालिका. तीच माणसं, तेच सेट, आणि कालच्या भागात काय झालं ते आजच्या भागात सगळ्यांनी विसरायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी चटकन. इथल्या खालच्या सभागृहाला डॉल म्हणतात (बाहुली नव्हे). सदस्य म्हणजे टीडी, सध्या १७४. पंतप्रधान तो थीशक, उपपंतप्रधान टॉनिश्ते, सभापती क्याउन कोर्ला. आयरिश स्पेलिंग आणि उच्चार यांचा काडीमोड फार पूर्वीच झालाय, तेव्हा मी कानाला येतं तसं लिहितोय.

मंगळवारी आणि बुधवारी थीशक, गुरुवारी टॉनिश्ते विरोधी पक्षनेत्यांसमोर उभे राहतात. त्याला 'लीडर्स क्वेश्चन्स' म्हणतात. विषय आधी कळवायचा नाही, मजा तीच. प्रश्नाला तीन मिनिटं, उत्तराला तीन, मग एकेक मिनिटाची चकमक. शिन फेन पक्षाच्या मेरी लू मॅकडॉनल्ड २०२० पासून विरोधी पक्षनेत्या आहेत आणि त्या तीन मिनिटांचा पुरेपूर वापर करतात. आवाज सभेतल्यासारखा पायरी पायरीने चढतो आणि शेवटच्या दहा सेकंदांत हो-नाही छापाचा प्रश्न येतो. समोरून हो किंवा नाही सोडून सगळं मिळतं.

घरांचंच घ्या. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीआधी मंत्री सांगत होते की यंदा जवळपास ४० हजार घरं होतील. निवडणूक झाली, सरकार पुन्हा त्याच दोन पक्षांचं आलं, आणि आकडा आला ३०,३३०. म्हणजे आदल्या वर्षापेक्षाही कमी. बेघरांची संख्या तेव्हा १५ हजारांच्या वर होती. विरोधकांनी आठवडेच्या आठवडे विचारलं: तुम्हाला माहीत होतं की नव्हतं? माहीत असून बोललात तर खोटं, नसेल तर खातं कशाला सांभाळता? उत्तरात अर्थसंकल्प आला, पाण्याच्या जोडण्या आल्या, बांधकाम परवाने आले, शिन फेनकडेच योजना नाही हे आलं. "माहीत होतं" किंवा "नव्हतं" एवढं आलं नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. हा कल्ला मोबाईलवर फिरतो म्हणून आपल्याला वाटतं की प्रश्न विचारणं म्हणजे हेच. इथे मंत्र्यांना खरी धडकी भरवणारी गोष्ट अगदी कंटाळवाणी आहे: लेखी प्रश्न. वर्षाला पन्नास हजारांच्या वर जातात. तीनेक कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि प्रश्न-उत्तर दोन्ही संसदेच्या संकेतस्थळावर कायमचं राहतं.

नमुना बघायचा तर कॅथरीन मर्फी. किल्डेअर नॉर्थच्या, तेव्हा अपक्ष. मागे पक्ष नाही, पुढे पद नाही. सरकारी मालकीची एक बँक होती, आयबीआरसी. बुडालेल्या अँग्लो आयरिश बँकेचा गाळ म्हणजे ही. तिने २०१२ मध्ये साइटसर्व्ह नावाची कर्जात बुडालेली कंपनी साडेचार कोटी युरोंना विकू दिली आणि स्वतःच्या दहा कोटींहून जास्त कर्जावर पाणी सोडलं. तरी भागधारकांना ५० लाख मिळाले. घेणारी कंपनी उद्योगपती डेनिस ओब्रायन यांची. पुढे पाण्याचे मीटर बसवण्याच्या कामातही साइटसर्व्हची शाखा होती, आणि पाणीपट्टीवरून लोक आधीच रस्त्यावर उतरलेले.

मर्फीबाईंनी अर्थमंत्री मायकल नूनन यांना लेखी प्रश्न घालायला सुरुवात केली. उत्तर आलं की त्यातला एक शब्द उचलून पुढचा प्रश्न. बैठक झाली होती का? कधी? टिपणी आहे का? कुणी चिंता व्यक्त केली का? उत्तरं पुरी नाहीत म्हणून सभापतींकडे तक्रार. शेवटी एप्रिल २०१५ मध्ये माहिती अधिकारात कागद मिळाले, आणि अर्थखात्याच्या अधिकाऱ्यांना २०१२ मध्येच त्या बँकेच्या काही व्यवहारांबद्दल काळजी वाटत होती हे बाहेर आलं. दोन महिन्यांत चौकशी आयोग. आयोगाला सात वर्षं लागली. २०२२ च्या अहवालात म्हटलं की बँकेने कंपनीच्या अपुऱ्या आणि दिशाभूल करणाऱ्या माहितीवर व्यवहार मंजूर केला. आयोगाचा सुरुवातीचा अंदाज ४० लाख युरोंचा होता आणि झालेला खर्च त्याच्या कित्येक पट, ही दुसरी गोष्ट.

तर चर्चा करू. आपल्याकडचे जाणकारही लिहा.

(माझा स्वतःचा एक लेखी प्रश्नही सध्या मार्गी लागलाय. सासूबाईंच्या कागदांचा. त्यावर शेवटी.)

---

मालवणी_तडका

लिफीकाठचा राव, आयर्लंडच्या संसदेचा धागा काढलात आणि वराडचं नाव नाही? हा मालवण तालुक्यावर अन्याय आहे.

लिओ वराडकर दोनदा थीशक झाले, २०१७ ते २०२० आणि डिसेंबर २०२२ ते एप्रिल २०२४. वडील मुंबईहून गेलेले डॉक्टर, मूळ गाव वराड. २०१९ च्या डिसेंबरअखेर ते गावात आले होते तेव्हा अख्ख्या पंचक्रोशीचा उत्साह उतू चाललेला. आमच्याकडे एक आजी म्हणाली, "पंतप्रधान जालो तरी घराक इलो, बरां वाटलां."

त्यांची जीभही मालवणीच हां. जुलै २०१९ मध्ये विरोधी नेते मिहॉल मार्टिन खर्चावरून त्यांना धारेवर धरत होते. हे उठून म्हणाले की मार्टिन म्हणजे त्या धर्मगुरूसारखे, वेदीवरून लोकांना पाप टाळा सांगायचं आणि वेदीमागे जाऊन स्वतः तेच करायचं. कॅथलिक देशात हे बोलायचं! माफी मागावी लागली. आणि वर्षभरात दोघं एकाच सरकारात, मार्टिन थीशक आणि हे टॉनिश्ते.

---

लिफीकाठचा

तडका, हाहा. पुढचाही भाग आहे. टॉनिश्ते असताना २०२० च्या नोव्हेंबरात वराडकरांनाच उत्तरं द्यावी लागली. डॉक्टरांशी झालेल्या कराराचा मसुदा त्यांनी आदल्या वर्षी प्रतिस्पर्धी संघटनेच्या प्रमुखाला, म्हणजे मित्राला दिला होता. डॉलमध्ये उभं राहून चूक झाल्याचं कबूल केलं. शिन फेनचा अविश्वास ठराव ९२ विरुद्ध ६५ ने पडला. २०२२ मध्ये खटला भरायचा नाही असं ठरलं. त्या दिवशीची प्रश्नोत्तरं मी पूर्ण पाहिली होती. मिष्कील माणूस, पण त्या दिवशी एकही विनोद केला नाही.

---

निवृत्त_कक्षअधिकारी

मंत्रालयात तीस वर्षं काढली, त्यातली बरीच अधिवेशनकाळात रात्री दहापर्यंत विधानसभेच्या प्रश्नांची उत्तरं तयार करण्यात गेली. त्यामुळे लेखी प्रश्नाबद्दल धागाकर्त्याने लिहिलंय ते पटलं.

आमच्याकडचा साचा सगळ्यांनी पाहिला असेल: "(१) अमुक गावात अमुक झाले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आणि उत्तर: "(१) हे अंशतः खरे आहे. (२) चौकशी सुरू आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही." या 'अंशतः' मध्ये आम्ही डोंगर लपवले आहेत हो. आणि 'प्रश्न उद्भवत नाही' तर दिवसातून वीस वेळा लिहायचो. एकदा घरी बायकोने विचारलं, भाजी आणलीत का, मी म्हणालो प्रश्न उद्भवत नाही. पुढचं सांगत नाही.

कुतूहल म्हणून विचारतो, तिकडचा साचा कसा असतो?

---

लिफीकाठचा

काका, साष्टांग!

तिकडे प्रश्न मंत्र्यालाच उद्देशून: अमक्या खात्याच्या मंत्र्यांना विचारावे की… आणि तोंडी प्रश्नाची शेपूट जवळजवळ ठरलेली, "आणि या बाबतीत ते निवेदन करतील काय." ते निवेदन सहसा कुणी करत नाही. पण शेपूट ठेवायची.

तुमच्या 'अंशतः'चा तिकडचा मावसभाऊ म्हणजे "हा कार्यवाहीचा विषय आहे." आरोग्यखात्यात तर फारच. २००५ मध्ये आरोग्यसेवेसाठी एचएसई ही वेगळी यंत्रणा काढली. तेव्हापासून रुग्णालयातल्या खाटेबद्दल मंत्र्याला विचारलं की उत्तर येतं: हा सेवेचा विषय असल्याने थेट उत्तरासाठी एचएसईकडे पाठवला आहे. पैसा मंत्र्याचा, फीत मंत्री कापणार, पण खाटेचं उत्तर तिसऱ्याकडून.

---

कावेरी_कॉर्क

हे "थेट उत्तरासाठी पाठवलं आहे" वाचून अंगावर काटा आला. मी इथे नर्स आहे. वॉर्डात आमच्याकडे त्याचा दुसरा भाग येतो. वरून फोन: अमक्या टीडीचा प्रश्न आलाय, अमक्या यादीत किती जण आहेत, दुपारपर्यंत सांगा. हातातलं काम टाकून माणूस मोजत बसते. तरी मी त्याच्या विरोधात नाही. कारण एरवी ती यादी कुणी मोजतच नाही! प्रश्न आला म्हणूनच कळतं की किती जण थांबलेत.

जाता जाता, डब्लिनच्या नव्या मुलांच्या रुग्णालयाबद्दल कुणीच लिहिलं नाही? २०१७ च्या सुमारास कोट्यवधीच, पण अब्जाच्या आत असलेला खर्च २०२४ पर्यंत सव्वादोन अब्ज युरोंच्या घरात गेला. त्यावर विरोधी बाकांवरून इतके प्रश्न झालेत की वेगळा धागा होईल.

---

उलटतपासणी

धागा छान, पण थोडा गुळचट वाटला. विरोधक म्हणजे हरिश्चंद्र नव्हेत. पन्नास हजार प्रश्नांतले किती खड्डे, पेन्शन आणि "माझ्या मतदारसंघातल्या शाळेचं छप्पर" असतील? प्रत्येकामागे कारकुनाचा वेळ जातो. आणि बुधवारी ओरडणारेही सत्तेत आले की तेच "कार्यवाहीचा विषय" म्हणतात. मार्टिनच बघा, विरोधात असताना प्रश्न विचारत होते, आता उत्तरं टाळतात. खुर्ची बदलली की वाचा बदलते.

दुसरं, २०२५ च्या जानेवारीत सभागृहात जी बोंबाबोंब झाली ती कुठल्या प्रश्नासाठी होती? माझ्या माहितीप्रमाणे फक्त बोलायला किती मिनिटं मिळणार यासाठी.

---

लिफीकाठचा

उलटतपासणी, मार्टिनबद्दल पूर्ण सहमत. मिनिटांबद्दल मात्र नाही. मिनिटं हाच तिथे जमिनीचा तुकडा आहे.

झालं असं. निवडणुकीत सत्तेतले दोन पक्ष: फिआना फॉल ४८, फिना गेल ३८. बेरीज ८६, बहुमताला दोन कमी. मग अपक्षांचा एक गट मायकल लोरी यांच्या पुढाकाराने सरकारच्या मागे उभा राहिला. त्यांतले काही राज्यमंत्री झाले. उरलेल्या चौघांनी म्हटलं, आम्हाला पद नाही, तेव्हा विरोधी बाकांवर बसू द्या आणि विरोधकांच्या वेळेत प्रश्न विचारू द्या. म्हणजे बाहेरून पाठिंबा आणि आतून प्रश्न. दोन्ही डगरींवर हात!

विरोधकांचं म्हणणं साधं होतं: ज्याने सरकार बनवायला हात दिला तो मंत्र्याला विचारणार काय? "साहेब, आमच्याकडचा रस्ता किती सुंदर केलात, सांगाल का?" २२ जानेवारीला गदारोळात सभागृह पुन्हा पुन्हा तहकूब झालं आणि त्या दिवशी थीशकची निवडच झाली नाही. मार्टिन दुसऱ्या दिवशी ९५ विरुद्ध ७६ ने निवडून आले. फेब्रुवारीत सभापती व्हेरोना मर्फी यांनी त्या चौघांना विरोधी गटात बसता येणार नाही असा निर्णय दिला. मग सरकारने मार्चमध्ये नियमच बदलून मागच्या बाकांवरच्यांसाठी प्रश्नांची वेगळी वेळ काढली. पुन्हा राडा. त्यात लोरींनी विरोधी टीडी पॉल मर्फी यांना दोन बोटं दाखवली (इथे ती शिवीच), तीही कॅमेऱ्यासमोर. विरोधकांचा राग शेवटी सभापतींवर निघाला. १ एप्रिलला त्यांच्यावरचा विश्वास ९६ विरुद्ध ७१ ने टिकला. या पदावर बसलेल्या त्या पहिल्याच बाई, आणि चार महिन्यांत हे.

(हो, कॅथरीन मर्फी, व्हेरोना मर्फी, पॉल मर्फी. नात्यागोत्याचे नाहीत. इथे मर्फी म्हणजे आपले पाटील. गल्लीत हाक मारली तर चार जण वळतात.)

---

शेवंती

मला मर्फी म्हटलं की आजोबांचा रेडिओच आठवतो. गालावर बोट ठेवलेलं बाळ.

बाकी वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

वकीलकाका

कॅथरीन मर्फी प्रकरणातला सगळ्यात रंगतदार भाग धागाकर्त्याने गाळला. मी लिहितो.

मे २०१५ मध्ये ओब्रायन यांनी आपल्या बँक व्यवहारांबद्दल बातमी देऊ नये म्हणून तिथल्या सरकारी वाहिनीविरुद्ध न्यायालयातून मनाई मिळवली. आठवड्याभरात, २८ मे रोजी, मर्फीबाई एक विधेयक मांडायला उभ्या राहिल्या आणि त्याच व्यवहारांबद्दल, व्याजदरासकट, सभागृहात बोलल्या. आता पेच असा: संसदेच्या संकेतस्थळावर भाषण शब्दन् शब्द आहे, कुणीही वाचावं. पण वर्तमानपत्रं छापेनात, वाहिन्या दाखवेनात. न्यायालयाचा अवमान होईल ही भीती. बाहेरदेशी लोक वाचतायत आणि डब्लिनमध्ये पेपर मिठाची गुळणी धरून बसलेत. २ जूनला उच्च न्यायालयाने सांगितलं की मनाईचा हेतू संसदेतल्या उद्गारांना अडवण्याचा नव्हताच. मग सगळीकडे छापून आलं.

तिथल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमात दोन वेगळी उपकलमं आहेत. १५.१३ म्हणतं, सभागृहात बोलल्याबद्दल सदस्याला कुठल्या न्यायालयापुढे जाब द्यावा लागणार नाही. १५.१२ म्हणतं, ते उद्गार कुठेही प्रसिद्ध झाले तरी त्यांना संरक्षण. पहिलं बोलणाऱ्याला, दुसरं छापणाऱ्याला. एकट्या पहिल्यावर भागत नाही. बंद खोलीत खरं बोलून काय उपयोग? ओब्रायन पुढे संसदेच्या समितीने आपल्या तक्रारीची दखल नीट घेतली नाही म्हणून न्यायालयात गेले, तिथे हरले, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरले.

आपल्याकडे छापणाऱ्याला संरक्षण देणारा पहिला कायदा १९५६ चा. आणला फिरोज गांधींनी. त्यांनीच पुढच्या वर्षी एलआयसी-मुंदडा व्यवहाराची लक्तरं लोकसभेत काढली. छागला आयोगाने मुंबईत जाहीर सुनावणी घेतली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं.

---

उलटतपासणी

वकीलकाका, झालात फितूर! फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचे होते. म्हणजे सत्तेच्या बाजूचा माणूसही कडक प्रश्न विचारू शकतो. मग त्या चार आयरिश अपक्षांनी काय घोडं मारलंय?

---

वकीलकाका

विचारू शकतो, कोण नाही म्हणतंय? पण फिरोज गांधींनी विरोधकांच्या ताटातला वाटा मागितला नव्हता. स्वतःच्या बाकावरून, स्वतःच्या वेळात, स्वतःच्या सरकारला विचारलं. या चौघांनीही तसं करावं, मी इथून टाळ्या वाजवीन.

---

निवृत्त_कक्षअधिकारी

+१. आणि तसं करणाऱ्याला पुढच्या विस्तारात मंत्रिपद मिळत नाही, हेही नोंदवून ठेवा.

---

लिफीकाठचा

उलटतपासणी, तुमच्या कारकुनाच्या वेळेच्या मुद्द्यावर उत्तर राहिलं. १९८० च्या दशकाअखेरीस इराकला जाणाऱ्या गोमांसावर सरकार निर्यात विमा देत होतं. विरोधी टीडी डॉलमध्ये प्रश्न विचारून थकले. उत्तरं गुळमुळीत. १९९१ च्या मे महिन्यात ब्रिटनच्या एका वाहिनीने कार्यक्रम दाखवला आणि सरकारला चौकशी लावावी लागली. तीन वर्षं चालली, वकिलांची चांदी झाली. ती चालवणारे न्यायमूर्ती लियम हॅमिल्टन सुनावणीतच म्हणाले की इथे जशी उत्तरं मिळतायत तशी डॉलमध्ये मिळाली असती तर या चौकशीची गरजच पडली नसती, पुष्कळ पैसा आणि वेळ वाचला असता.

आता सांगा, कारकुनाचे दोन तास महाग की तीन वर्षांचे वकील?

---

उलटतपासणी

हा मुद्दा मान्य. खड्ड्यांचा मुद्दा सोडत नाही.

---

मालवणी_तडका

गंभीर झालं फार. थोडी फोडणी.

डॉलमध्ये असंसदीय शब्दांची यादी आहे. भित्रा, ढोंगी, उंदीर, विदूषक असलं काय काय त्यात आहे. २००९ च्या डिसेंबरात ग्रीन पक्षाचे पॉल गोगार्टी, तेव्हा सत्तेत, विरोधी बाकांवरच्या एमेट स्टॅग यांच्या टोमण्यांनी इतके पेटले की "सर्व आदर राखून, अत्यंत असंसदीय भाषेत सांगतो" अशी प्रस्तावना करून फ-ची बाराखडी ऐकवली. लगेच माफीही मागितली. मग लोकांनी यादी उघडली, तर तो शब्द यादीत नव्हताच!

शिवी द्यायच्या आधी सूचना देणारा माणूस. आमच्याकडे अशी पद्धत नाही.

---

कावेरी_कॉर्क

आणि ती सायकल शेड? २०२४ मध्ये कळलं की लेन्स्टर हाउसच्या, म्हणजे संसदेच्या इमारतीच्या, आवारात ३६ सायकलींसाठी जे छप्पर बांधलं त्याला ३ लाख ३६ हजार युरो लागले. घरांच्या आकड्यांवर जांभया देणारे आमच्या वॉर्डातले सगळे त्यावर तावातावाने बोलत होते. दोन अब्ज कुणाला दिसत नाहीत, सायकल स्टँड दिसतो. एका आजोबांनी मला विचारलं, "बाई, त्यावर पाऊस तरी अडतो का?" बाजू उघड्याच आहेत म्हटल्यावर इतके हसले की ठसका लागला.

---

शेवंती

प्रश्न विचारत राहणाऱ्यांचं पुढे काय होतं पण? कॅथरीन मर्फींचं काय झालं?

---

लिफीकाठचा

शेवंतीताई, त्यांनी २०१५ च्या जुलैत दोन सहकाऱ्यांबरोबर सोशल डेमोक्रॅट्स पक्ष काढला. २०२४ ला स्वतः उभ्या राहिल्या नाहीत. त्या निवडणुकीत पक्षाचे ११ आले. दुसऱ्या एक कॅथरीन, गॉलवेच्या कॉनोली, वर्षानुवर्षं विरोधी बाकांवरून अपक्ष म्हणून मंत्र्यांना घाम फोडत होत्या. त्या २०२५ मध्ये थेट राष्ट्राध्यक्ष झाल्या. आता प्रश्न विचारता येत नाहीत बिचाऱ्यांना.

आणि सासूबाईंचं. त्यांच्या कागदांचं काम एका कार्यालयात सात महिने अडकलं होतं. मेलला उत्तर नाही, फोन कुणी उचलत नाही. आमच्या भागातल्या विरोधी टीडीच्या कचेरीत गेलो. किराणा दुकानाच्या वरची खोली, दारात ओल्या छत्र्या, समोर एक मुलगी. तिने शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि म्हणाली, लेखी प्रश्न घालू.

आज उत्तर आलं. संकेतस्थळावर सासूबाईंचं नाव नाही, खासगी प्रकरणात देत नाहीत. त्यांच्याऐवजी लिहिलंय: "एक व्यक्ती (तपशील दिला आहे)". उत्तराच्या पहिल्या परिच्छेदात अर्ज विचाराधीन आहे. दुसऱ्यात सदस्यांना सूचना की अशा प्रकरणांसाठी लेखी प्रश्नाऐवजी वेगळी मेल-सोय वापरावी. थोडक्यात, कृपया विचारू नका.

पण संध्याकाळी त्याच कार्यालयातून फोन आला. सात महिन्यांत पहिल्यांदा. एक कागद कमी होता म्हणे, तो पाठवा.

सासूबाईंना सांगितलं की तुम्ही आयर्लंडच्या संसदेच्या दप्तरात गेलात. त्यांनी विचारलं, नाव काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. म्हणाल्या, "एक व्यक्ती काय एक व्यक्ती! नीट कुलकर्णी लिहायला सांग."

---

निवृत्त_कक्षअधिकारी

प्रश्न उद्भवत नाही.